माप जिचे तिचे

स्त्रीचे शरीर आणि त्या शरीरासाठी बनवलेले एखादे साधन, या दोघांचे जमावे कसे, हा या लेखाचा विषय आहे. दिवाळी अंकाच्या पानांवर तो सहसा येत नाही हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे अंक एकदा घरात आला की आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांच्या हातांतून फिरतो. शिवाय मी एका हायस्कुलाचा मुख्याध्यापक. ज्याने उभा जन्म मुलामुलींना शिस्तीचे धडे दिले, त्याने असल्या विषयाला हात घालावा काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. माझ्यापाशी उत्तर एवढेच आहे की, जिच्यामुळे हा लेख लिहिला त्या आमच्या सौभाग्यवतींनी तो दोनदा वाचला, तीन ओळी खोडल्या, एक ओळ स्वतः घातली आणि म्हणाल्या, "द्या पाठवून. माझ्यासारख्या आणखी कितीतरी असतील." तेव्हा वाचकहो, तक्रार असेल तर ती आमच्या दोघांकडे मिळून करावी.

आम्ही देगलूरकडचे. एका हाताला कर्नाटक, दुसऱ्या हाताला तेलंगण. बाजारात मराठी, तेलुगू आणि कानडी एकाच तागडीत तोलली जाते. मोठे दुखणे आले की आमच्याकडची माणसे औरंगाबाद-पुण्याचा विचार फार करत नाहीत; मदनूर, पिटलम, संगारेड्डी या वाटेने थेट हैदराबाद गाठतात. २०२२ साली आम्हीही तीच वाट धरली. सौ.ना पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला होता. वय एकोणपन्नास.

या रोगाशी आपल्या सीमाभागाचे नाते जुने आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीला सुरू झाली. पुढे त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ बायकांचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली जगापुढे आले. विषाणूची एक चाचणी आयुष्यात एकदा जरी केली, तरी या रोगाने होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास कमी होतात, हे आपल्या शेजारच्या खेड्यांतल्या, कोणी ज्यांची नावेही विचारत नाही अशा बायकांनी जगाला शिकवले. बाई जगावी कशी, हे असे पुष्कळ लिहिले गेले आहे. जगल्यानंतर तिच्या शरीराचे काय होते, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

हैदराबादेत रेड हिल्सवर मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे १९५५ पासूनचे सरकारी कर्करोग रुग्णालय आहे आणि आपल्याकडची कितीतरी कुटुंबे तिथे गेलेली आहेत. आमचा इलाज दुसरीकडे झाला. त्या ठिकाणाचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. पाच आठवडे बाहेरून शेक, दर आठवड्याला एक सलाईन, आणि शेवटी आतून दिलेला शेक. डॉक्टर हुशार होते, यंत्रे उत्तम होती. रोग गेला, आणि त्याबद्दल आम्ही त्या सर्वांचे जन्मभर ऋणी राहू.

सुटी मिळण्याच्या दिवशी एका तरुण परिचारिकेने औषधांच्या पिशवीत एक पुठ्ठ्याचा डबा ठेवला. आत गुळगुळीत रबरासारख्या पदार्थाच्या पाच नळकांड्या, करंगळीएवढ्या बारकीपासून चांगल्या जाड मेणबत्तीएवढ्या मोठीपर्यंत, एकीपेक्षा एक चढत्या मापाच्या. प्रत्येकीवर आकडा. सोबत एक घडीचा कागद, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला तेलुगू. परिचारिका मल्याळी होती. तिने हैदराबादी हिंदीत मला सांगायला सुरुवात केली, कारण सौ.ना हिंदी बेताचीच येते आणि तेलुगू बाजारापुरती. मी ऐकायचे आणि मराठीत हिला सांगायचे, अशी व्यवस्था. इतिहास आणि भूगोल मी दोन भाषांत शिकवलेला आहे. पण त्या बाकावर, आजूबाजूला दहा माणसे बसलेली असताना, नवऱ्याने बायकोला काय सांगावे आणि कोणत्या शब्दांत, याचे प्रशिक्षण कुठल्या डी.एड., बी.एड.ला नव्हते. ही खाली मान घालून पदराचे टोक चुरगाळत होती. परिचारिकेलाही पुढचा रुग्ण होता. पाच मिनिटांत सारे आटोपले.

त्या साधनाला डायलेटर म्हणतात. शेकामुळे रोगाच्या पेशी मरतात तशा भोवतालच्या निरोगी पेशीही भाजून निघतात. बरे होताना आतला मार्ग आकसतो, कडक होतो, कधी त्याच्या भिंती एकमेकींना चिकटतात. अंडाशयांचे काम थांबल्याने पाळी जाते आणि कोरडेपणा येतो. नंतर नवराबायकोचा संबंध राहो न राहो, डॉक्टरांना दर काही महिन्यांनी तपासणी तरी करता आली पाहिजे, नाहीतर रोग परतला तरी कळायचा नाही. म्हणून शेकानंतर दोन ते चार आठवड्यांनी, जखम निवली की, आठवड्यातून दोनतीन वेळा काही मिनिटे हे साधन वापरायचे, लहान मापापासून सुरुवात करून. हा व्यायाम महिने नव्हे, वर्षे चालू ठेवावा लागतो. हातपाय मोडल्यावर आपण मालीश करून घेतो, बोटे उघडमीट करतो, तसेच हे. यात लाजेचे काही नाही, असे लिहिणे सोपे आहे.

गावी आल्यावर तो डबा कपाटात साड्यांच्या मागे गेला. मी एकदोनदा विचारले. "करते," एवढेच उत्तर. कागदावर लिहिले होते: रात्री झोपण्यापूर्वी पाठीवर झोपावे, गुडघे वर घ्यावेत, पहिल्या क्रमांकापासून आरंभ करून दर आठवड्याला पुढचा क्रमांक घ्यावा, दहा मिनिटे ठेवावे. इयत्ता पहिली, दुसरी, तिसरी, असा वर्ग चढत जावा तसे. हिने तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि आज्ञाधारक विद्यार्थिनीसारखी त्याप्रमाणे वागू पाहिली. पहिला क्रमांक कसाबसा. दुसऱ्याला असह्य आग. हिच्या उजव्या गुडघ्याला संधिवात, पाठीवर झोपून गुडघे वर घेतले की आधी तिथूनच कळ निघे. रात्री घरात सून, मुलगा, नातू. दाराची कडी लावली तरी कान बाहेर. तिसऱ्या आठवड्यात डबा पुन्हा साड्यांच्या मागे गेला, तो तिथेच राहिला. पुढच्या तपासणीला हैदराबादेत डॉक्टरांनी विचारले, "वापरता ना?" आणि हिने मान डोलावली. आपल्या बायका डॉक्टरांसमोर हमखास पास होतात.

सुदैवाने काचीगुड्याला आमच्या चुलतभावाचे बिऱ्हाड आहे. त्यांच्या ओळखीच्या एक मराठी डॉक्टरबाई, सत्तरीच्या घरातल्या, स्त्रीरोगतज्ज्ञ. दवाखाना बंद केलेला, पण ओळखीच्या बायका अजून येतात. वहिनींनी हिला तिथे नेले, मीही गेलो. बाईंनी चहा दिला, माझी शाळा, पटसंख्या वगैरे विचारली आणि मग अगदी सहज म्हणाल्या, "सर, आता तुम्ही जरा इसामिया बाजारात आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसा. तासाभराने या." हिच्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, तू मराठीत बोल. जे नाव तुमच्या घरात घेतात त्या नावाने बोल. मला सगळी नावे येतात."

तो तास मी वर्तमानपत्रे चाळण्यात घालवला. आत काय बोलणे झाले ते मला पुढे चारसहा महिन्यांत तुकड्यातुकड्यांनी कळले, आणि जे इथे लिहितो आहे ते हिच्या परवानगीने.

बाईंनी आधी आरसा दिला. पाच बाळंतपणे केलेल्या सुईणींच्या घराण्यातली ही, पण स्वतःचे शरीर आरशात पाहायची आयुष्यातली पहिली वेळ. कोणता भाग कुठे, कुठे भाजल्याची खूण आहे, कुठे हात लागला तर नुसता दाब जाणवतो आणि कुठे आग होते, हे हिनेच बोट ठेवून सांगायचे आणि बाईंनी ऐकायचे, असा उलटा तास झाला. मग एकेक गोष्ट सुटत गेली. पाठीवर झोपणे हा काही धर्मशास्त्राचा नियम नाही. गुडघा दुखतो तर डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांत उशी घेऊन. नळी सरळ वर ढकलायची नसते. मार्गाचा कल साधारणपणे कमरेच्या मणक्याकडे असतो, पण तोही प्रत्येकीचा थोडा निराळा, तेव्हा जिकडे वाट मिळेल तिकडे जावे. तोंडाशी उजव्या अंगाला हिला दुखरी जागा होती, तर दाब डावीकडे द्यावा. श्वास सोडताना अंग सैल पडते, त्या वेळी पुढे जावे, श्वास घेताना थांबावे. साधन आधी कोमट पाण्यात ठेवावे. पाण्यात विरघळणारे जेल कंजुषी न करता लावावे. शेकानंतर आतली लांबीही कमी होते, म्हणून नळी पूर्ण आत गेलीच पाहिजे हा हट्ट धरू नये. जिथे अडते तिथे थांबावे, जोर लावू नये. दाब वाटला तर चालेल, ताण वाटला तर चालेल, आग झाली की तिथेच थांबायचे आणि पुढच्या खेपेला एक माप खाली यायचे. खाली येणे म्हणजे नापास होणे नव्हे. थोडासा डाग दिसला तर घाबरू नये, पण रक्त वाहू लागले किंवा दुखणे वाढतच गेले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कोरडेपणासाठी हार्मोनचे मलम असते, पण ते कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. आणि वेळ? "तुला घर कधी रिकामे मिळते?" बाईंनी विचारले. दुपारी. सून नोकरीला, नातू शाळेत, सर शाळेत. "मग दुपारी."

हे सर्व ऐकून परतताना चारमिनारपाशी लाड बाजारात हिने लाखेच्या बांगड्या घेतल्या. हा माझ्यासाठी शुभशकुन होता, कारण वर्षभर हिने हातात काही नवे चढवले नव्हते. तिथल्या मनियाराने आधी हिचा पंजा हातात घेऊन दाबून पाहिला, अंगठ्याखालचे हाड चाचपले आणि न विचारता दोन-सहाचे माप काढले; नंतर म्हणाला, डाव्या हाताला दोन-चार जाईल. आणि गेले. रिक्षात बसल्यावर ही म्हणाली, "बांगडीला दोन हातांची दोन मापे. आणि त्या डब्यात सगळ्या बायकांना मिळून एक ते पाच." बी.ए., एम.ए. करून मला जे सुचले नसते ते हिला बांगडीवरून सुचले.

हिचे म्हणणे शास्त्रालाही मान्य आहे, हे मला नंतरच्या वाचनात दिसले. लंडनमध्ये २००५ साली पन्नास निरोगी स्त्रियांची मोजमापे घेऊन एक अभ्यास छापला गेला. त्यांत योनिमार्गाची लांबी साडेसहा सेंटिमीटरपासून साडेबारा सेंटिमीटरपर्यंत आढळली, म्हणजे एकीची दुसरीच्या जवळजवळ दुप्पट, आणि दोघीही तितक्याच धडधाकट. स्वित्झर्लंडमधल्या लुसर्न येथे २०१८ साली ६५७ स्त्रियांची बाह्यांगे मोजली, तेव्हाही हाच फरक दिसला. 'नॉर्मल' म्हणून एक आकृती काढता येईना. सुखाची जी मुख्य जागा, जिला मराठीत शिश्निका म्हणतात, तिचा बाहेर दिसणारा भाग अगदी लहान. तिचा मोठा भाग आत पसरलेला असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या हेलन ओकॉनेल या शल्यविशारद बाईंनी १९९८ साली नीट दाखवून दिले. त्याआधी, १८४४ साली जर्मनीत कोबेल्ट नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने हे बरेचसे काढून ठेवले होते, पण पुढच्या पाठ्यपुस्तकांतून ते गळून गेले. माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले १९६९ साली, आणि निम्म्या मानवजातीच्या शरीराचा हा एवढासा नकाशा पुरा व्हायला त्यानंतर एकोणतीस वर्षे लागली. भूगोलाच्या शिक्षकाला याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

दुसऱ्या भेटीत बोलणे आणखी पुढे गेले. डायलेटर हे औषध झाले. पण बाईंनी हिला सांगितले की, बाहेरच्या भागातली संवेदना शेकानंतरही बहुधा शाबूत असते, आणि तिथे रक्त खेळले तर आतली त्वचाही सैल पडायला मदत होते. त्यासाठी लहानसे थरथरणारे यंत्र मिळते. बाजारात त्याला मसाजर म्हणतात. अशा साधनांविषयी आपल्या देशात मोठा संकोच, आणि कायद्याचाही धाक. १९६४ च्या एका अधिसूचनेचा आधार घेऊन कस्टम खात्याने मसाजरचा माल अडवला होता. अंग रगडायचे यंत्र कोणी दुसऱ्या कामाला वापरेल, एवढ्या कल्पनेवर ते अश्लील ठरवता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिला. म्हणजे न्यायालयानेही ही वस्तू कशासाठी आहे हा विषय बाजूलाच ठेवला. डब्यावर पाठ, मान, खांदे यांची चित्रे असतात. जिथे ती खरोखर वापरली जाते तिथे ती कशी वापरावी, हे डब्यावर लिहिण्याची सोय नाही. मग बाईने कुणाला विचारावे?

बाईंनी हिला जे सांगितले ते थोडक्यात असे. प्रथम कपड्यावरून, सर्वांत मंद गतीवर. सर्वांत नाजूक बिंदूवर थेट ठेवू नये, त्याच्या आजूबाजूला फिरवून पाहावे. कित्येकींना थेट स्पर्श सुखाचा नसतो, टोचतो. पाळी गेलेल्या बाईची त्वचा पातळ असते, तिला हलका हात पुरतो. उलट दीर्घकाळ मधुमेह असेल तर संवेदना बोथट झालेली असू शकते, तिला अधिक लागेल. पण लागते म्हणून फार वेळ दाबून धरू नये, जखम झालेली कळत नाही. नंतर बधिरपणा वाटला तर समजावे की गती जास्त झाली. वस्तू गुळगुळीत, धुता येण्यासारखी हवी. सिलिकोन, काच किंवा पोलाद चांगले, सच्छिद्र रबर नको, कारण त्यात जंतू राहतात. सिलिकोनच्या वस्तूला सिलिकोनचे जेल लावू नये, पृष्ठभाग खराब होतो. साबणाने धुवावी, वाळवावी, कुणाला उसनी देऊ नये. एकीला जे मानवले ते दुसरीला मानवेलच असे नाही, आणि त्याच बाईला चैत्रात जे मानवले ते आश्विनात मानवेल असेही नाही.

यातले पुष्कळसे आपल्या पूर्वजांना अगदीच अपरिचित होते असे समजू नये. वात्स्यायनाच्या कामसूत्राच्या शेवटच्या अधिकरणात अशा कृत्रिम साधनांचा उल्लेख आहे. सोने, रुपे, तांबे, हस्तिदंत, शिंग अशा द्रव्यांची यादी आहे. बाभ्रव्याच्या मताचे लोक कथील आणि शिसे पसंत करतात; वात्स्यायन लाकडाचीही मोकळीक देतो आणि ज्याच्या त्याच्या प्रकृतीला रुचेल तसे करावे असे सुचवतो. ही साधने पुरुषाने धारण करावयाची होती आणि ग्रंथही पुरुषांसाठीच होता, हे खरे. तरी प्रकृतिभेद मानण्याइतका तो मोकळा होता.

याहून जवळचे उदाहरण आपल्या दोन भाषांच्या सीमेवरच आहे. अठराव्या शतकात तंजावरच्या मराठी गादीवर प्रतापसिंह महाराज असताना त्यांच्या दरबारात मुद्दुपळनी नावाची तेलुगू कवयित्री होती. तिच्या 'राधिकासांत्वनमु' या काव्यात राधा स्वतः वाढवलेल्या इळेला कृष्णाच्या हाती सोपवते आणि त्याला समजावते की, ही कोवळी आहे, हिच्याशी कसे हळुवार वागावे. मराठी राजाच्या आश्रयाने तेलुगूत एक स्त्री पुरुषाला सांगते की, समोरच्या शरीराकडे पाहून वाग! १९१० साली बेंगळूरच्या नागरत्नम्मांनी हे काव्य संपूर्ण छापले. त्यावर ओरड झाली, इंग्रज सरकारने बंदी घातली आणि ती उठायला १९४७ साल उजाडले. आपल्याकडे मराठीत गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले, स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे असे स्वच्छ शब्दांत लिहिले, वाचकांच्या शंकांना उत्तरे दिली आणि त्यापायी खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. तरीही खटला हरला. या दोन्ही प्रकरणांत कागदावर गुन्हा अश्लीलतेचा होता; माझ्या समजुतीप्रमाणे खरा राग वेगळाच होता. बाईच्या शरीराविषयी बाईला विचारावे, ही कल्पनाच लोकांना सोसली नाही.

खुद्द हैदराबादेत नव्वदच्या दशकाच्या आरंभी तिथल्या स्त्री-कार्यकर्त्या आणि डॉक्टर यांनी मिळून बायकांच्या आरोग्यावर तेलुगूत एक जाड पुस्तक काढले. त्याचे नाव 'सवालक्ष संदेहालु', म्हणजे सव्वा लाख शंका. राष्ट्रीय पोषण संस्थेत काम केलेल्या डॉ. वीणा शत्रुघ्न, गीता रामस्वामी आणि श्रीविद्या नटराजन यांनी २००४ साली या कामाला इंग्रजी रूप दिले. काचीगुड्याच्या बाईंच्या कपाटात तेलुगू प्रत होती. मला ती लिपी अडखळत वाचता येते. मी नाव वाचले आणि हिला सांगितले. ही म्हणाली, "माझी एकच होती. ती विचारायला दोन राज्ये ओलांडावी लागली."

हीच ती हिने वाढवलेली ओळ.

आता नवऱ्याच्या बाजूने थोडे. अशा वेळी पुरुषाचे काम काय, याचा मी पुष्कळ विचार केला. औषधे आणणे, जेलची नळी संपत आली आहे का पाहणे, दुपारी घरी कोणी पाहुणा टपकणार असेल तर त्याला शाळेत बसवून ठेवणे, ही कामे मी मनापासून केली. बाकी उत्सुकता दाखवू नये, घाई करू नये, 'कुठपर्यंत आले?' असे प्रगतिपुस्तक मागू नये. हे साधन नवऱ्याच्या सोयीसाठी तयारी म्हणून दिलेले नाही. ते तिच्या शरीराच्या दुरुस्तीसाठी आहे. दुरुस्त झालेल्या घरात कुणाला कधी बोलवायचे, हे घरमालकीण ठरवील. माझ्या वयाच्या गृहस्थांना हे वाक्य थोडे झोंबेल. पण रोगातून उठलेल्या बाईला आपल्या अंगावर पुन्हा आपला हक्क वाटू लागणे, याचे मोल इतर कशाहूनही मोठे आहे.

हिने एक वही केली होती. शाळेत वर्षअखेरीस उरलेली शंभरपानी. तीत तारीख, माप, मिनिटे, आणि 'दुखले' या रकान्यात शून्यापासून दहापर्यंत गुण. आरंभीच्या पानांवर सात, आठ असे आकडे आहेत. मध्ये बारा दिवस कोरे आहेत. त्या दिवसांत नातवाला गोवर होता. पुढे पाच, मग तीन. 'शेरा' या रकान्यात 'उशी बदलली', 'पाणी गार होते', 'आज घाई केली, नको' असे दोनचार शब्द. चौथ्या क्रमांकापर्यंत गेल्यावर हिने ठरवले की पाचवा लागत नाही. बाईंनीही ते मान्य केले. डब्यात पाच आहेत म्हणून पाचही वापरले पाहिजेत असे थोडेच आहे! पुढच्या तपासणीला हिला पलंगाची कड घट्ट धरावी लागली नाही. डॉक्टरांनी विचारले, "वापरता ना?" हिने मान न डोलावता वही पुढे केली. डॉक्टरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि तिच्या काही पानांचे फोटो काढून घेण्याची परवानगी मागितली. नवराबायको म्हणून आमचे पुढे काय, हे आमच्या दोघांपुरते आहे. वाचकांनी काळजी करू नये, एवढेच सांगतो.

त्या वहीवरून आम्ही एक चारपानी पत्रक तयार केले. मजकूर हिचा, शास्त्र डॉक्टरबाईंचे, शुद्धलेखन माझे. शब्दांवर वाद झाले. मी 'योनिमार्ग' लिहिले, ही म्हणाली आमच्या बायका 'अंगाची वाट' म्हणतात. शेवटी दोन्ही ठेवले. पत्रकात 'दर आठवड्याला पुढचे माप' असे वाक्य नाही. 'सोसेल तेव्हा पुढचे माप' असे आहे. काचीगुड्याला, मदनूरला, देगलूरला मिळून दोनशे झेरॉक्स गेल्या. माझ्याच शाळेतल्या एका बाईंनी स्टाफरूममध्ये कोणी नसताना एक प्रत मागितली, आपल्या आईसाठी म्हणून. मी पाकिटात घालून दिली आणि पुढे काही विचारले नाही.

पत्रकाच्या शेवटच्या पानावर छापलेले काही नाही. रेघा आहेत आणि हिच्या वहीसारखे रकाने आहेत. वर एवढेच लिहिले आहे, की हे पान ज्या बाईच्या हाती आले तिने भरायचे आहे; दुसऱ्या कुणी भरू नये.